एका वाक्याची शंभर वर्षे

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात आम्ही संभाव्यता हा विषय घेतला होता. नाणे, फासे, पत्ते असे नेहमीचे सारे झाले. दुपारच्या चहाच्या वेळी एक बाई येऊन बाजूला उभ्या राहिल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या सातवीला गणित आणि विज्ञान शिकवत. त्यांना पाचवा महिना होता. म्हणाल्या, "सर, प्रश्न फाशांचा नाही, पण तसाच आहे. पहिली मुलगी सिझरने झाली. दुसरा मुलगा नॉर्मल झाला, काही त्रास झाला नाही. आता हे तिसरं. डॉक्टर म्हणतात, एकदा सिझर झालंय, पिशवीला टाका आहे, तेव्हा सिझरच करू. मग मधलं बाळंतपण मोजायचंच नाही का?"

आम्ही डॉक्टर आहोत ते पीएच.डी.चे, औषध देणारे नव्हे. त्यामुळे त्यांना तिथल्या तिथे काही सांगणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. पण प्रश्न मात्र संभाव्यतेच्या वर्गातलाच होता. एखाद्या गोष्टीविषयी आपण एक अंदाज बांधलेला असतो, त्यानंतर नवी माहिती हाती येते. अंदाज बदलायचा की नाही? घरी आल्यावर आम्ही जुने लेख आणि अहवाल काढून बसलो. एका स्त्रीच्या एका बाळंतपणाचा हा प्रश्न शंभर वर्षे जुना निघाला, आणि त्याचा धागा एका वाक्यापाशी जाऊन पोचला.

ते वाक्य १९१६ सालचे. न्यूयॉर्कमधील स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे नामांकित प्राध्यापक एडविन क्रेगिन यांनी त्या वर्षी वैद्यकांसमोर एक भाषण केले, ते 'न्यूयॉर्क मेडिकल जर्नल'मध्ये छापून आले. विषय होता प्रसूतिशास्त्रातील सावधपणा. एकदा सिझेरियन झाले की पुढे नेहमीच सिझेरियन, अशा अर्थाचे वाक्य त्या भाषणात होते. हे वाक्य इतके प्रसिद्ध झाले की पुढची साठ-सत्तर वर्षे अमेरिकेत तोच नियम होऊन बसला. मजकुराचा बाकीचा भाग मात्र फारसा कोणी वाचला नाही. क्रेगिन यांना दुसऱ्या बाळंतपणाविषयी नियम घालून द्यायचा नव्हताच. त्यांचा रोख पहिल्या शस्त्रक्रियेवर होता. पहिल्या वेळी चाकू उचलण्यापूर्वी दहादा विचार करा, कारण ती चीर त्या स्त्रीच्या पुढच्या साऱ्या बाळंतपणांना चिकटणार आहे, असे ते आपल्या सहकाऱ्यांना बजावत होते. शिवाय त्याच भाषणात त्यांनी अपवादही नोंदवला होता. त्यांच्याच एका रुग्णेला सिझेरियननंतर तीन मुले नैसर्गिकपणे झाली होती.

म्हणजे त्या बाईंच्या प्रश्नातली स्त्री मूळ लेखातच हजर होती. सिझेरियन, मग नैसर्गिक, मग पुन्हा नैसर्गिक. वाक्य पुढे गेले आणि ती स्त्री मागे राहिली.

क्रेगिन यांना भीती कशाची होती, हे कळण्यासाठी आणखी मागे जायला हवे. एकोणिसाव्या शतकात बहुतेक काळ सिझेरियन म्हणजे आईच्या मृत्यूची जवळजवळ खात्री होती. पोट उघडत, गर्भाशय चिरत, मूल काढत, पोट शिवत. पण गर्भाशय शिवत नसत! आज हे वाचून धक्का बसतो. त्या काळातला विचार असा होता की गर्भाशय हा स्नायू आहे, मूल बाहेर आले की तो आपोआप आकसतो आणि चीर मिटते. शिवाय आत टाके घातले तर नंतर ते काढणार कसे? चीर काही मिटत नसे. रक्तस्रावाने नाही तर जंतुसंसर्गाने ती स्त्री जाई. १८७६ साली इटलीतील पाविया येथे एडुआर्डो पोरो यांनी यावर एक भयंकर पण परिणामकारक उपाय केला. मूल काढल्यावर त्यांनी गर्भाशयच कापून काढले. आई वाचली, बाळही वाचले. पोरोंची पद्धत युरोपभर पसरली. पुढच्या बाळंतपणाचा प्रश्न या पद्धतीत अर्थातच उरत नव्हता.

तो प्रश्न जन्माला आला १८८२ नंतर. जर्मनीत लाइपझिग येथे माक्स झेंगर या तरुण डॉक्टरांनी गर्भाशय थरांमध्ये नीट शिवण्याची पद्धत मांडली. त्यासाठी चांदीची तार आणि रेशीम वापरले. निर्जंतुक शस्त्रक्रियेच्या नव्या पद्धती आणि झेंगरांचे टाके यांमुळे आई जगू लागली, गर्भाशय शाबूत राहू लागले, आणि काही वर्षांनी तीच स्त्री पुन्हा दिवस गेलेली अशी डॉक्टरांपुढे येऊन उभी राहू लागली. आता हिचे काय करायचे? वैद्यकात असे नेहमीच होते. एक प्रश्न सुटला की त्याच्या पोटातून दुसरा निघतो.

तेव्हाच्या उत्तराला दोन चांगली कारणे होती. पहिले कारण मुडदूस. कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या शहरांत, सूर्यप्रकाशाविना वाढलेल्या मुलींची हाडे मऊ राहत आणि कमरेच्या हाडांचे कडे आवळून जाई. अशा स्त्रीचे पहिले मूल ज्या अडचणीमुळे अडले, त्याच अडचणीमुळे दुसरेही अडणार. हाडांचे कडे काही मधल्या काळात रुंद होत नाही. दुसरे कारण चिरेची जागा. त्या काळी चीर घेत ती गर्भाशयाच्या वरच्या भागात आणि उभी.

इथे शिक्षकांनी फळ्यावर एक आकृती काढावी असे आम्ही सुचवू. भरलेले गर्भाशय हे उलट्या नासपतीसारखे असते. वरचा फुगीर भाग जाड स्नायूंचा. कळा सुरू झाल्या की हाच भाग जोराने आकसतो. खालचा भाग बाळंतपणाच्या सुमारास पातळ होतो. तो स्वतः जोर लावत नाही, ताणला जातो आणि वाट करून देतो. आता चीर कुठे घ्यावी? हुशार विद्यार्थी पटकन म्हणेल, जाड भागात. जाड कापड शिवले तर शिवण पक्की बसते. पण गर्भाशयाची शिवण ही कापडाची शिवण नाही, ती जखम आहे आणि तिला भरून यायचे आहे. मोडलेले हाड सांधायचे तर आपण प्लास्टर घालून ते हलू देत नाही. गर्भाशयाचा वरचा भाग बाळंतपणानंतरही कित्येक दिवस आकसत आणि सैलावत राहतो. जखमेच्या दोन्ही कडा स्वस्थ बसत नाहीत. खालच्या भागातल्या कडा मात्र स्थिर असतात आणि चांगल्या जुळतात. पुढच्या गरोदरपणातही वरच्या भागातल्या व्रणावर पहिल्यापासून ताण येत राहतो, कळांच्या वेळी तर अधिकच. म्हणून वरच्या उभ्या चिरेचा टाका कळांमध्ये उसवण्याचे प्रमाण शंभरात चार ते नऊ इतके सांगतात, आणि कधीकधी तो कळा सुरू होण्यापूर्वीच उसवतो. खालच्या आडव्या चिरेसाठी हेच प्रमाण साधारण हजारात पाच ते नऊ आहे.

खालची आडवी चीर ही कल्पना नवी नव्हती. जर्मनीतील मेकेसहाइम गावी फर्डिनांड आडोल्फ केरर यांनी १८८१ सालीच, म्हणजे झेंगरांच्या आधी एक वर्ष, अशी शस्त्रक्रिया केली होती. ती विस्मरणात गेली. १९२०च्या दशकात स्कॉटलंडमधील ग्लासगोचे जॉन मनरो कर यांनी ती नेटाने पुढे आणली. सहकाऱ्यांचा विरोध सोसत त्यांनी वर्षानुवर्षे तिची बाजू मांडली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हीच चीर बहुतेक ठिकाणी रूढ झाली. दरम्यान आहार सुधारला, 'ड' जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि पाश्चात्त्य देशांत मुडदूस मागे हटला. सिझेरियनची कारणेही बदलली. मूल पायाळू आहे, बाळाचे ठोके मंदावले, वार खाली आली, अशी ती कारणे होती. यांतली बरीचशी त्या एका बाळंतपणापुरती असतात, पुढच्या वेळी असतीलच असे नाही.

म्हणजे क्रेगिन यांचे वाक्य ज्या दोन खांबांवर उभे होते ते दोन्ही खांब निघून गेले होते. वाक्य तसेच उभे राहिले! १९८० साली अमेरिकेत आधी सिझेरियन झालेल्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम तीन-चार जणींचे पुढचे बाळंतपण नैसर्गिक होत होते. त्याच सुमारास तेथील सिझेरियनचे एकूण प्रमाणही झपाट्याने वाढत होते. १९७० साली ते शेकडा ५.५ होते, १९८० साली १६.५ झाले. या वाढीत 'आधी झाले म्हणून आताही' या सदरातल्या शस्त्रक्रियांचा वाटा मोठा होता. १९८० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी तज्ज्ञांची परिषद बोलावली आणि तिने या नियमाचा फेरविचार करा असे सुचवले. स्त्रियाही गप्प बसल्या नव्हत्या. नॅन्सी वेनर कोहेन आणि लोइस एस्टनर या दोघींचे 'सायलेंट नाइफ' हे पुस्तक १९८३ साली आले आणि सिझेरियननंतरच्या नैसर्गिक बाळंतपणाची चळवळच उभी राहिली. १९८८ साली तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने आपला सल्ला बदलला. योग्य स्त्रियांना नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करण्यास उत्तेजन द्यावे, असा तो नवा सल्ला होता. १९९६ साली शंभरातल्या २८ जणींचे पुढचे बाळंतपण नैसर्गिक झाले.

लंबक असा एका टोकाला गेला की तो मध्ये थांबेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे असते. विमा कंपन्यांच्या लक्षात आले की नैसर्गिक बाळंतपण स्वस्त पडते. काही ठिकाणी स्त्रीची इच्छा असो वा नसो, तिला प्रयत्न करायला लावू लागले. कळा आपणहून येईनात तर औषधाने आणू लागले, आणि टाके उसवल्याच्या घटना वाढल्या. १९९६ साली कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या ६,१३८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्यांत मोठ्या गुंतागुंती शेकडा १.६ आणि ठरवून सिझेरियन करणाऱ्यांत ०.८ असे त्यात दिसले. १९९९ साली अमेरिकी महाविद्यालयाने आपल्या सल्ल्यातला एक शब्द बदलला. असा प्रयत्न चालू असताना तातडीने शस्त्रक्रिया करू शकणारे डॉक्टर 'सहज मिळतील असे' असावेत, याऐवजी ते 'त्या क्षणी हजर' असावेत, असे म्हटले. शब्द एकच बदलला, पण लहान रुग्णालयांना ते झेपणारे नव्हते. त्यांनी ही सोयच बंद केली. शिवाय कोर्टकचेऱ्यांची भीती होतीच.

मग २००१ साली वॉशिंग्टन राज्यातील २०,०९५ स्त्रियांचा अभ्यास आला आणि वर्तमानपत्रांत गाजला. या सगळ्या जणींचे पहिले मूल सिझेरियनने झाले होते. दुसऱ्या वेळी कळा सुरू होऊ न देता सिझेरियन केलेल्यांत गर्भाशय फाटण्याचे प्रमाण हजारी १.६ होते. आपणहून कळा आलेल्यांत ते ५.२ होते. औषधाने कळा आणल्या, पण त्यात प्रोस्टाग्लँडिन वापरले नाही, अशांत ७.७. आणि प्रोस्टाग्लँडिन वापरून कळा आणलेल्यांत २४.५. हे चार आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहून विद्यार्थ्यांना विचारावे की यातून काय शिकायचे. लोकांनी शेवटचा आकडा वाचला आणि 'टाका असताना कळा घेणे धोक्याचे' असा अर्थ काढला. आमच्या मते आकडे जास्त मोठ्याने सांगत होते ते औषधाविषयी. प्रोस्टाग्लँडिन गर्भाशयाचे मुख मऊ करते, तसेच ते जुन्या व्रणाच्या ऊतींनाही सैल करत असावे, असा तर्क त्यामागे आहे. पण १.६ आणि ५.२ यांतला फरकही खरा होता आणि तो दडवण्यात अर्थ नव्हता. २००४ साली अमेरिकेतील नैसर्गिक बाळंतपणाचे प्रमाण २८ वरून सुमारे ९ वर आले. त्यानंतर ते अगदी हळूहळू वाढत २०१८ साली १३.३ झाले.

या साऱ्या वादात त्या बाईंचा प्रश्न कुठे आहे? खरे सांगायचे तर बराच काळ तो कुठेच नव्हता. 'आधी सिझेरियन झालेल्या स्त्रिया' असा एकच ढीग करून त्यात सगळ्या जणींना घातले जाई. जिचे एकच बाळंतपण झाले आहे ती, आणि सिझेरियननंतर जिची दोन मुले नैसर्गिकपणे झाली आहेत ती, अशा दोघी एकाच ढिगात. क्रेगिन यांच्या त्या रुग्णेसारख्या स्त्रिया वेगळ्या काढून मोठ्या प्रमाणावर मोजण्याचे एक काम २००८ साली, म्हणजे ब्याण्णव वर्षांनी झाले.

अमेरिकेतील १९ मोठ्या रुग्णालयांनी १९९९ ते २००२ या चार वर्षांत सिझेरियन झालेल्या स्त्रियांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या होत्या. त्यांतून ब्रायन मर्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या १३,५३२ स्त्रिया निवडल्या आणि सिझेरियननंतर प्रत्येकीची किती नैसर्गिक बाळंतपणे झाली होती त्यानुसार त्यांचे गट पाडले. जिचे असे एकही झाले नव्हते त्या गटात प्रयत्न यशस्वी होण्याचे प्रमाण शेकडा ६३.३ निघाले. एक झाले होते त्या गटात ८७.६. दोन, तीन, चार किंवा अधिक झालेल्या गटांत ९०.९, ९०.६ आणि ९१.६. गर्भाशय फाटण्याचे प्रमाण याच क्रमाने शेकडा ०.८७, ०.४५, ०.३८, ०.५४ आणि ०.५२ असे होते.

या आकड्यांपाशी जरा थांबायला हवे. पहिल्या यशस्वी बाळंतपणानंतर धोका जवळजवळ निम्मा झाला. म्हणजे मधले बाळंतपण मोजायचे, हे नक्की. पुढे ०.३८ चे ०.५४ झाले म्हणून धोका पुन्हा वाढू लागला असे समजू नये. दोन, तीन, चार नैसर्गिक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया मुळात कमी, आणि त्यांत फाटण्याच्या घटना बोटांवर मोजण्याइतक्या. एखाददुसऱ्या घटनेने आकडा वरखाली होतो. धोका कमी झाला आणि मग कमीच राहिला, एवढेच त्यातून म्हणता येते.

पण कमी का झाला? बाळंतपणाने टाका मजबूत झाला का? इथे वर्गात एक साधा प्रयोग करून पाहता येईल. जुन्या साध्या सुती दोऱ्याचे शंभर सारख्या लांबीचे तुकडे घ्या. प्रत्येकाला ठरावीक वजन टांगा. काही तुटतील. जे उरले त्यांना तेच वजन पुन्हा टांगा. दुसऱ्या वेळी तुटणाऱ्यांचे प्रमाण कमी भरेल. एकही दोरा पहिल्यापेक्षा बळकट झालेला नाही. कच्चे दोरे पहिल्या फेरीत बाजूला पडले एवढेच. सिझेरियननंतर जिचे एक बाळंतपण नैसर्गिक झाले, तिचा टाका एकदा कळांचे वजन पेलून बसला आहे. तिच्या कमरेच्या हाडांतून मूल जाऊ शकते हेही सिद्ध झाले आहे. ज्या स्त्रियांचा प्रयत्न फसला, त्या या गटात आल्याच नाहीत. हा निवडीचा परिणाम. त्याखेरीज एक बदल खरोखरच शरीरात होतो. एकदा मूल जाऊन गेले की गर्भाशयमुख आणि जननमार्ग पुढच्या वेळी लवकर वाट देतात, कळांचे तास कमी होतात. जुन्या सुइणींना हे आकड्यांवाचून ठाऊक होते.

दोऱ्याचा दृष्टान्त एका मर्यादेपर्यंतच चालतो, हेही मुलांना सांगावे. दोऱ्याला आपण दोन्ही वेळा तेच वजन टांगतो. तिसरे मूल हे दुसऱ्या मुलाइतकेच वजनाचे असेल असे नाही, ते आडवे असेल, पायाळू असेल, वार जुन्या व्रणावर बसलेली असेल. म्हणून ०.४५ चे शून्य होत नाही. शिवाय या स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेले नव्हते. कोणी प्रयत्न करायचा हे त्या स्त्रीने आणि तिच्या डॉक्टरांनी ठरवले होते. ज्यांना मुळातच नको म्हटले गेले, त्यांचे आकडे यात नाहीत.

तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. पुन्हा सिझेरियन म्हणजे धोका शून्य, असा एक समज आहे. त्याच १९ रुग्णालयांच्या नोंदींतून रॉबर्ट सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली, कळा न घेता सिझेरियन झालेल्या तीस हजारांहून अधिक स्त्रियांचा हिशेब मांडला. जुन्या व्रणात वार रुतून बसणे ही एक गंभीर अडचण आहे. वार सुटत नाही, रक्तस्राव आवरत नाही, कधी गर्भाशय काढावे लागते. पहिल्या सिझेरियनच्या वेळी हे प्रमाण शेकडा ०.२४ होते, दुसऱ्याच्या वेळी ०.३१, तिसऱ्याच्या वेळी ०.५७, चौथ्याच्या वेळी २.१३ आणि सहाव्याच्या किंवा त्यापुढच्या वेळी ६.७४. नैसर्गिक बाळंतपणांच्या संख्येबरोबर धोका उतरून स्थिरावतो, सिझेरियनांच्या संख्येबरोबर तो चढत जातो. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढले तर क्रेगिन यांना काय म्हणायचे होते ते दिसते.

पण आकडे आपल्या सोयीचे तेवढेच वाचणे हा अप्रामाणिकपणा होईल. त्या बाईंचे हे दुसरेच सिझेरियन ठरले असते आणि चौथे मूल त्यांना नको होते. म्हणजे चढत्या आलेखाच्या फक्त दुसऱ्या पायरीवर त्या जाणार होत्या. तिथे ०.३१ आहे. आणि समोर ०.४५ आहे. हे दोन वेगळ्या संकटांचे आकडे आहेत, त्यांची थेट वजाबाकी करता येत नाही. गर्भाशय फाटले तर बाळाला मिनिटांत बाहेर काढावे लागते. याच रुग्णालयांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रयत्न करणाऱ्या १७,८९८ स्त्रियांपैकी १२ जणींच्या पूर्ण दिवसांच्या बाळांच्या मेंदूला प्राणवायूअभावी इजा झाली. ठरवून सिझेरियन केलेल्या १५,८०१ स्त्रियांत असे एकही बाळ नव्हते. बारा हा आकडा लहान आहे. त्या बारा घरांत तो लहान नाही.

आणखी एक गोष्ट या आकड्यांवर छापलेली नसते. ती १९ रुग्णालये वैद्यकीय शिक्षण देणारी मोठी रुग्णालये होती. तिथे भूलतज्ज्ञ रात्री दोनलाही इमारतीत असतो, रक्तपेढी जवळ असते, शस्त्रक्रियेची खोली तयार असते. ०.४५ हा आकडा एकटा येत नाही, सोबत ते रुग्णालय घेऊन येतो. त्या बाईंचे डॉक्टर तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवत. भूल देणारे डॉक्टर पस्तीस किलोमीटरवरून बोलवावे लागत, रक्त जिल्ह्याच्या ठिकाणाहून. अशा ठिकाणी टाका असलेल्या स्त्रीच्या कळा अंगावर घ्यायच्या नाहीत, हा त्यांचा निर्णय आम्हाला आडमुठा वाटत नाही. तो त्यांच्या दवाखान्यापुरता बरोबरच असेल. फक्त त्यांनी कारण दिले ते टाक्याचे. दवाखान्याचे कारण दिले असते तर बाईंना दुसरीकडे विचारता आले असते.

आपल्याकडे हा प्रश्न आता घरोघरी येणार आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील शंभर बाळंतपणांपैकी २१.५ सिझेरियनने झालेली आढळली, महाराष्ट्रात २५.४. देशातील खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ होते, सरकारी रुग्णालयांत १४.३. क्रेगिन यांनी ज्या पहिल्या चिरेविषयी बजावले होते ती चीर इतक्या जणींच्या पोटावर आहे. त्यांतल्या बहुतेकींच्या पुढच्या बाळंतपणात पहिला प्रश्न एकच असायला हवा: चीर कुठे होती? पोटाच्या कातडीवरचा व्रण पाहून हे कळत नाही. कातडीवर आडवी खूण असली तरी आत गर्भाशयावर चीर उभी असू शकते, विशेषतः मूल फार अपुऱ्या दिवसांचे असेल तेव्हा. ते फक्त शस्त्रक्रिया करणाऱ्याला ठाऊक असते आणि त्याने लिहून ठेवले असेल तर कागदाला.

आम्ही वाचलेले सारे त्या बाईंना पत्राने कळवले. कोणते बाळंतपण निवडा हे लिहिले नाही. ते सांगण्याचा आमचा अधिकार नव्हता. दोनच गोष्टी विचारायला सांगितल्या. एक, जिथे नाव घालणार तिथे रात्री भूलतज्ज्ञ आणि रक्त किती वेळात मिळते. दोन, पहिल्या सिझेरियनचे डिस्चार्ज कार्ड घरात आहे का. त्यांचे पुढे काय झाले हे आम्हाला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. एका बाळंतपणावरून वाचकाने आपले मत बनवावे असे आम्हाला वाटत नाही, मग ते सुखरूप झालेले असो वा नसो.

कार्डाचे मात्र सांगायला हरकत नाही. पंधरा दिवसांनी त्यांचे उत्तर आले. सासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत, मुलीच्या लसीकरणाच्या कागदांखाली, ते कार्ड सापडले होते. घड्यांवर फाटलेले, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग. शस्त्रक्रियेच्या रकान्यात निळ्या शाईत फक्त चार अक्षरे होती, ती त्यांनी जशीच्या तशी उतरवून पाठवली आणि खाली अर्थ विचारला होता: एल. एस. सी. एस. गर्भाशयाच्या खालच्या भागात घेतलेली चीर. मेकेसहाइमच्या केररांची आणि ग्लासगोच्या करांची चीर.